धावपट्टीवरचे आकडे

टायरच्या दुकानाची पाटी रंगवायला पेंटर शिडीवर चढला, तो दिवस रविवारचा होता. वय शहात्तर, पण हात अजून थरथरत नव्हता. शिडी मात्र खालून कुणालातरी धरावी लागे, आणि ते काम दुकानाचा मालक स्वतः करत होता. धरत होता म्हणजे काय, एक हात शिडीला लावून तोंडाने भांडत होता.

भांडण दर रविवारचंच होतं. दुकानात मोटारींच्या जुन्या शर्यतींचं वेड असलेली तीन डोकी जमायची. एक टायरवाला. दुसरे मास्तर, ज्यांनी निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं आणि त्या निम्म्या गावावर ते अजून नाराज होते. तिसऱ्या ग्रंथपालबाई, निवृत्तीनंतर त्यांनी एक जाडजूड वही लिहायला घेतली होती. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर सहा वर्षं शर्यती झाल्या होत्या, त्यांचा इतिहास त्यांना लिहून काढायचा होता. हाती होते चार फोटो आणि वर्तमानपत्रातली दोन-तीन कात्रणं. बाकी सगळा कारभार आठवणींवर, आणि तिघांच्या आठवणींचं एकमेकींशी पटत नव्हतं.

"काळी गाडी सात नंबरची," मास्तर म्हणाले. "हा काय, फोटोत ढळढळीत दिसतोय."

"सात नंबर लाल गाडीचा होता," टायरवाला म्हणाला.

"सत्तावीस," वरून आवाज आला.

तिघांनी माना वर केल्या. पेंटर वरूनच फोटोकडे बघत ब्रश डब्याच्या काठावर निपटत होता.

"ड्रायव्हरनं कोपर बाहेर काढलंय. त्याच्याआड दोनचा आकडा झाकला गेलाय. मीच काढला होता तो आकडा."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. ग्रंथपालबाईंनी वहीचं नवं पान उघडलं आणि म्हणाल्या, "पेंटर, आधी खाली उतरा. पाटी कुठे पळून जात नाही."

असा पेंटर त्या कोंडाळ्यात आला. तीस वर्षं याच रस्त्यावर त्याचं दुकान होतं, पण त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. घरी बायकोला मात्र सगळं तोंडपाठ होतं. "आमच्याकडे पाहुणे आले की मी चहा करते आणि हे गाड्या काढतात," असं ती सांगायची.

पहिल्या शर्यतीच्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. शर्यतीत उतरणाऱ्या गाड्या काही खास बनवलेल्या नव्हत्या. एखादी कंत्राटदाराची, एखादी गिरणीवाल्याची, एरवी भाजी आणायला आणि पोरांना शाळेत सोडायला वापरायची. शर्यतीच्या सकाळी दिवे काढायचे, मागची सीट काढायची आणि निघायचं. सोमवारी परत कामावर जायचं, म्हणून आकडे धुऊन निघतील असे हवेत, अशी मालकांची अट. पेंटरने चुन्यात डिंक कालवून रंग केला. पहाटेपासून दुपारपर्यंत तो एकेका दारावर आकडे काढायचा. पट्टीच्या दोन्ही टोकांना रिकामी पिंपं आणि गवताच्या पेंढ्या मांडलेल्या असायच्या. निशाण खाली आलं की सगळ्या गाड्या एकदम गर्जायच्या आणि ती गर्जना त्याच्या पायांतून वर चढायची. ते सांगताना पेंटर अजूनही दोन्ही तळवे मांडीवर दाबून धरायचा.

"आणि बाईमाणूस कुणी?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. "कात्रणात एक उल्लेख आहे, पण नुसता 'एक महिला' एवढाच."

पेंटरने तळवे मांडीवरून उचलले. मग म्हणाला, "डॉक्टरीणबाई. नऊ नंबर. राखाडी रंगाची छोटी गाडी होती."

तीच गाडी घेऊन त्या आठवडाभर आसपासच्या वस्त्यांवर रोगी तपासायला जायच्या. शर्यतीच्या दिवशी औषधांची बॅग काढून पेंटरच्या हातात द्यायच्या. "सांभाळा हं, आत बाटल्या आहेत." शर्यत संपेपर्यंत तो बॅग मांडीवर घेऊन पिंपांमागे बसायचा. शेजारी लोक उड्या मारायचे, ओरडायचे. त्याला हलता यायचं नाही.

सातव्या वर्षी विमानतळाच्या जागेवर सरकारी गोदामं बांधायला निघाली आणि शर्यती बंद पडल्या. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. त्या गेल्या हे पेंटरला तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

ग्रंथपालबाई चिकाटीच्या. दवाखान्याच्या जुन्या नोंदी, दोन पत्रं, पाच फोन, असं करत दीड महिन्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला. लांबच्या शहरात भाचीकडे असतात, वय एक्क्याण्णव. फोनवर बोलतात, पण बरंचसं विसरतात, असं भाचीने आधीच सांगून ठेवलं.

त्या रविवारी पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून आला. बायको म्हणाली होती, "अहो, फोनवर शर्ट दिसत नाही." तरी घातलाच. मास्तरांनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"कोण बोलतंय?" आवाज बारीक, पण स्पष्ट होता.

"मी पेंटर, बाई. गाड्यांवर नंबर काढायचो. धावपट्टीवर."

"पेंटर?" त्यांनी शब्द उच्चारून पाहिला. "नाही हो आठवत. माफ करा."

टायरवाल्याने नजर खाली घातली. पेंटरने फोन जवळ ओढला. "असू द्या. तुमचा नंबर नऊ होता."

"मी गाडी चालवत होते ना? भाची म्हणते चालवत होते. पण मला ते दुसऱ्या कुणाचं ऐकल्यासारखं वाटतं."

"तुम्हीच चालवत होता. सांगू?"

"सांगा."

मग पेंटरने सांगितलं. चौथ्या वर्षीची शर्यत. सुरुवातीलाच मागे पडलेली राखाडी गाडी. दुसऱ्या फेरीला वारा सुटला, पेंढ्यांचं गवत पट्टीवर उडालं, सगळ्यांनी वेग कमी केला आणि बाईंनी नाही केला. वळणावर गाडीचं मागचं चाक पिंपाला घासून गेलं. पिंप गडगडत थेट पंचांच्या टेबलाखाली शिरलं आणि पंच टेबलावर चढले.

पलीकडून हसू ऐकू आलं. "मी जिंकले का?"

मास्तर घाईघाईने खुणा करू लागले, हो म्हणा, हो म्हणा. पेंटरने नकारार्थी मान हलवली.

"दुसऱ्या आलात. एका गाडीचं अंतर राहिलं."

"छे! मग मी चिडले असेन."

"भयंकर. बॅग परत घेताना माझ्याशी बोलला नाहीत."

"बॅग तुमच्याकडे होती?"

"दर वर्षी."

तेव्हापासून दर रविवारी अकराला फोन यायचा. त्या पेंटरचं नाव विसरायच्या, आधीचा रविवार विसरायच्या, पण "ते गाडीचं सांगा" हे विसरत नव्हत्या. तो एकेक वर्ष सांगायचा. ग्रंथपालबाई सगळं लिहून घ्यायच्या. मास्तर मधे बोलायचे थांबले होते, हेच मोठं नवल.

सहाव्या वर्षीची शर्यत सांगून झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः कधी बसलात की नाही गाडीत?"

पेंटर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"नाही. तुम्ही म्हणाला होता एकदा. त्याच वर्षी. सकाळी सरावाची फेरी होती, तुम्ही दार उघडून म्हणालात, या पेंटर, बसा. माझ्या तीन गाड्या रंगवायच्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की."

मास्तरांनी फोनचा आवाज आणखी वाढवला.

"बसायला हवं होतं हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो बाई. हवं होतं."

त्यानंतर चार रविवार फोन आला. पाचव्या रविवारी भाची बोलली. मावशी आता बहुतेक वेळ झोपूनच असते, म्हणाली, ओळख पटत नाही, फोन धरवत नाही. पुढच्या महिन्यात त्या गेल्या.

कळलं त्या दिवशी पेंटरने दुकान उघडलं नाही. बायकोने चहा करून समोर ठेवला. थोड्या वेळाने तिनेच टायरवाल्याला फोन केला. "यांना जरा बाहेर घेऊन जा. घरात नुसते बसून राहिलेत."

टायरवाला त्याला धावपट्टीवर घेऊन गेला. गोदामांच्या रांगांमागे पट्टीचा एक तुकडा तेवढा उरला होता. भेगांतून गवत वर आलं होतं आणि पत्र्याच्या छपरांवर कबुतरं घुमत होती. पहारेकऱ्याने फाटक उघडून दिलं.

"बसा गाडीत," टायरवाला म्हणाला. "टोकापर्यंत पळवतो, जोरात."

पेंटरने बराच वेळ त्या पट्टीकडे पाहिलं. "नको रे," तो म्हणाला. "तू थांब इथे. मी चालत जाऊन येतो."

तो निघाला. सावकाश, मधूनच थांबत, उजवीकडे वाकून, तिथे उभ्या गाड्यांच्या दारांवरचे आकडे तपासावेत तसं बघत. टायरवाला गाडीला टेकून उभा राहिला. पेंटर पार टोकाला पोचला, तिथे पाठमोरा उभा राहिला, आणि हाक मारायची नाही, एवढं टायरवाल्याला समजत होतं.