मोबाईलवरचा हात

तुळजापूरहून उमरग्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी चाळिशीतला एक माणूस बसला होता. मोबाईलवर कसलेसे चौकोन अन् बाण बघायचा, कुणी जवळून गेलं की पंजानं झाकायचा. मला ती खोड ओळखीची वाटली. मी लेकाच्या पुस्तकातून अक्षरं शिकले, तेव्हा सासूबाई आल्या की पुस्तक असंच पदराखाली घालायची.

"काय शिकतोस रे बाबा?" मी विचारलंच.

तो ओशाळला. "एंटरप्राइझ आर्किटेक्चर, मावशी. साहेबांनी विचारलं, येतं का? मी व्हय म्हणून बसलो. सोमवारी सगळ्यांपुढं सांगायचंय, अन् अजून पहिल्याच धड्यावर आहे."

"मग मला सांग. मला कळलं की तुला आलं."

आमचं छोटं लॉज आहे म्हटल्यावर त्यानं तेच धरलं. खोल्या, पाणी, स्वयंपाक, हिशेब, कुणाचं काम कुणावाचून अडतं ते एका नकाशावर आणायचं. कंपनीचंही तसंच. नकाशा काढायच्या ठरलेल्या रीतींना फ्रेमवर्क म्हणतात.

"म्हणजे मोटर जळली तर भात शिजणार न्हाय, हे आधीच दिसावं?"

"व्हय की." तो हसला. मोबाईलवरचा हात कधी निघाला, त्यालाही कळलं नाही.

नळदुर्गला त्याच्या गावचं कुणी चढलं. "काय साहेब, गावाकडं?" हात पुन्हा पडद्यावर गेला.

उतरताना हळूच म्हणाला, "मावशी, कुणाला सांगू नका."

"सांगू काय? तुझं नाव तरी कुठं विचारलंय."

'लपवतोस कशाला' असं विचारायचं ओठांवर आलं होतं. पण मला वाचता येतं हे सासूबाईंना शेवटपर्यंत न सांगितलेली मी, कुठल्या तोंडानं विचारणार?