माझ्या नाडीची सोयरीक

कोणताही रोग नसताना माझे हृदय एका सकाळी सरकारी नोकरीस अपात्र ठरले.

शिक्षक म्हणून माझी निवड झाली होती. उरला होता तो आदिलाबादच्या सरकारी डॉक्टरांचा, प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला. तो त्याच दिवशी न मिळता, तर माझी जागा पुढच्या उमेदवाराकडे गेली असती. आता तलमडुगूकडील आमच्या वस्तीची रीत अशी, की मुलगा मोठ्या कामास निघाला की प्रत्येक घराने त्यास चहा पाजायचा. एका घरचा घेऊन दुसऱ्या घरचा टाळणे म्हणजे उघड वैर. आणि नकार देण्याची कला मला अवगत नव्हती. (बी.एड.ला तो विषय नव्हता.) शेवटच्या घरच्या काकू म्हणाल्या, "एक कप काऊन? जोडीनं पेय, बाबू." मी जोडीने प्यालो.

सोबत मामा होते. ते तहसील कचेरीत कारकून. त्यामुळे जगातील प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी 'मामला' असे.

तेलुगू डॉक्टरांनी माझे मनगट धरले, घड्याळाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे संशयाने पाहिले.

"दौड़ के आया क्या?"

"नाही जी. बसने."

"बैठे बैठे इतना तेज?"

त्यांनी कपाळाला हात लावून ताप पाहिला, पापणी ओढून रक्त पाहिले, गळा चाचपून गाठ शोधली. तंबाखूची आणि जागरणाची चौकशी केली. प्रत्येक आरोपातून मी निर्दोष सुटत गेलो आणि नाडी मात्र अधिकाधिक गुन्हेगारासारखी पळू लागली.

मामा पुढे सरसावले. "साब, जवान लडका है. कुछ मामला होगा."

"मामला हम नहीं देखता. सुबह से क्या पिया?"

मी जमिनीकडे पाहिले. मामांनी वस्तीची रीत सविस्तर कथन केली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

"आदमी है कि किटली? पानी पियो, बाहर बेंच पे लेटो. दोपहर को फिर देखूँगा. तब भी तेज रहा, तो दाखला नहीं."

मी बाकावर आडवा झालो. मामा उशाशी बसले.

"चहानं असं होत असतं, तं आमची अख्खी तहसील कवाच मेली असती. खरं सांग, पोरगी हाय ना?"

मी गप्प राहिलो.

"गप हाय म्हंजे हाय. वस्तीतली?"

"नाही, मामा."

"मंग जैनथची?"

मामा बोलत राहिले तर नाडी उतरणार नाही, नाडी उतरली नाही तर नोकरी जाणार, एवढेच मला दिसत होते. ते गप्प व्हावेत म्हणून मी म्हणालो, "हो."

आणि ते खरोखर गप्प झाले! चेहरा मात्र उजळला. "तू पडून राह्य, मी आलोच," म्हणून ते बसस्टँडकडे गेले. (जैनथला त्यांचे एक स्नेही गुरुजी राहत आणि त्यांना लग्नाची मुलगी होती, हे मला मागाहून कळले.) त्या शांततेत माझी नाडी रवंथ करणाऱ्या गाईसारखी संथ झाली. डॉक्टरांनी सही केली.

दाखला घेऊन विजयी मुद्रेने घरी आलो, तर अंगणात मामा आणि ते गुरुजी बसलेले. आई म्हणाली, "आमाले सांगाले लाज वाटून राह्यली होती का रे? डॉक्टरसमोर काळीज उघडं पाडलंस!" खुलासा करण्यासाठी मी तोंड उघडले. गुरुजींनी त्यात पेढा घातला.

त्या मुलीशी माझा संसार सुखाचा झाला, हे मी शपथेवर सांगतो. अडचण एवढीच, की ज्या दिवशी तिच्या दर्शनाने माझे काळीज इतके धडधडले, त्या दिवशी तिने कोणत्या रंगाचे पातळ नेसले होते, असे ती अधूनमधून विचारते. मी दर वेळी वेगळा रंग सांगतो.

"त्या डॉक्टरनं तुमचं काळीज तपासलं, ते ठीक," ती म्हणते. "पन डोळे तपासाले पाह्यजे होते."