तोंड नसलेला पॉलिप

आमच्या कॉलेजात समुद्र आहे, एका काचपट्टीवर. त्यात ओबेलिया नावाचा प्राणी आहे: एकाच देठावर फांद्यांसारखे लागलेले बारीक जीव, म्हणजे पॉलिप. पट्टी इतकी जुनी की आता गुलाबी डागच दिसतो. पण आमचं काही अडलं नाही. मायक्रोस्कोपमध्ये बघून आकृती काढायची, असले नसते उद्योग आम्ही करत नाही. गेल्या वर्षीच्या हुशार ताईचं जर्नल आणायचं आणि उतरवायचं.

ताईच्या हातून देठाच्या आतली जिवंत नळी राहून गेली होती. तिला सीनोसार्क म्हणतात. एका पॉलिपनं खाल्लेलं तिच्यातून सगळ्यांना पोचतं. आम्ही सगळ्यांनी ती श्रद्धेनं वगळली. आमच्या सरांनी सगळ्यांना 'उत्तम' दिलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावचे सर आले. मला नापास होऊन चालणार नव्हतं. माझी वहिनी रोज पहाटे डबा करते, थोरला दादा तो आष्टीच्या स्टँडवर कंडक्टरच्या हातात देतो, मी इथं जालन्यात एसटीतून उतरवून घेते. दादानं आधीच सांगितलं होतं, "नापास झालीस तर डबा बंद. मंग गावाकडं ये, हितं ताजं जेवण भेटतं."

बाहेरच्या सरांनी माझ्या आकृतीवर पेन टेकवलं. "हा पॉलिप पिल्लं तयार करतो. याला तोंड असतं का?"

"न्हाई सर."

"मग जगतो कशावर? आत तर काहीच नाही. उपाशी मारलात की याला."

आमचे सर खिडकीतून पार्किंग बघू लागले. पाठ केलेली व्याख्या मला आठवेना.

"सर, त्याचा... त्याचा डबा येतो." मागं कुणीतरी हसलं. "म्हणजे खाणारे पॉलिप दुसरे असतात. ते पचवतात, अन् नळीतून ते याच्यापर्यंत येतं. नळी तुटली तर हा मरतो. मी नळी काढलीच न्हाई."

"काढायची राहिली, की ज्यावरून उतरवलंत त्यात नव्हतीच?"

"नव्हतीच, सर."

त्यांनी पेन्सिल पुढं केली. मी उभ्याउभ्याच नळी काढली, ती वाकडी आली. पण मी पास झाले.

दादाला फोन केला. "काय इचारलं?"

"तोंड नसलेला कशावर जगतो."

"घरच्यांवर," दादा म्हणाला. "याला कॉलेज कशाला लागतंय?"

डबा चालू आहे. माझं जर्नल आता खालच्या वर्गात फिरतंय, आणि ती नळी सगळे तशीच वाकडी उतरवून घेतायत.