बदली त्यांनी मागितली नव्हती

श्री. वामनराव खोडे यांची माझी पहिली भेट सौंसरच्या एका सरकारी कचेरीत झाली. मी नवा कारकून, ते बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा एक मसुदा चार वेळा परत केला. "हे काय लिहून राहिले तुम्ही? अर्जदाराले वाचून दाखवलं तर समजन का?" मला त्यांचा भयंकर राग येई. नोकरी सोडून पांढुर्ण्याला घरी जावे, असे रोज वाटे.

त्याच सुमारास राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. मराठीचा गंधही नसलेले नवे साहेब आले. रामाकोना गावच्या गंगाबाईंचा अर्ज होता : कोतवालाने मारहाण केली, त्याला शिक्षा व्हावी. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. साहेबांनी शेरा मारला, शिक्षण विभागाकडे पाठवा! मी मुकाट्याने पाठवला. बाई दोन महिने खेटे घालत राहिल्या. अखेर साहेबांसमोर कडाडल्या, "त्याले शाळेत घाला नाही म्हटलं मी, त्याले सजा द्या म्हटलं!"

साहेबांनी माझ्याकडे बोट केले. "इसकी गलती है. निकालो इसे."

वामनराव उठले. फाइल उघडून साहेबांपुढे ठेवली. "साहब, लड़का नया है. हुक्म आपके हाथ का है."

माझी नोकरी वाचली, कोतवालाची चौकशी झाली. वामनरावांची मात्र पंधरा दिवसांत दूरच्या तालुक्यात बदली झाली आणि बढती कायमची अडली. साहेब बोलले त्या दिवशी आम्ही सगळे कचेरीतच बसलो होतो. एकानेही तोंड उघडले नाही. मीही नाही.

नंतरचे बाबू गोड बोलत, चहा पाजत आणि प्रत्येक चूक हाताखालच्यावर ढकलत. तेव्हा वामनरावांचा कडकपणा मला उमगला. मग सुट्टीच्या दिवशी बस धरून मी त्यांच्याकडे मसुदे दाखवायला जाऊ लागलो. वहिनी जेवल्याशिवाय सोडत नसत.

आता त्यांच्या पंचाहत्तरीच्या परिचयपत्रात सत्कार समितीने छापले आहे, "स्वेच्छेने बदली." स्वेच्छेने? हे वाचून माझे अंग जळते. ज्यांनी तेव्हा माना खाली घातल्या, तेच आज व्यासपीठावर शाली घेऊन उभे राहणार! मी तक्रार केली, तर वामनराव म्हणाले, "जाऊ द्या ना, जुनं झालं." नाही जाऊ देणार. एकदा गप्प बसलो, तेवढे पुरे.

त्यांनी ती बदली मागितली नव्हती. ती त्यांच्यावर माझ्यामुळे लादली गेली. मी लिहून छापून घेतलेले हे पान वामनरावांनी स्वतः वाचावे आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे धडधाकट, निश्चिंत जगावे.