ओसाड गावचे सहायक बिशप

सहायक बिशपांबद्दल माझ्यासमोर कुणी गहिवरून बोलायला लागलं की माझं डोकंच फिरतं. डोक्यावर तोच उंच मुकुट, हातात तीच काठी, बोटात तीच अंगठी. फक्त राज्य दुसऱ्याचं. प्रांत मोठ्या बिशपांचा, हे त्यांच्या हाताखाली. पण बिशप म्हटला की त्याला गाव हवंच, म्हणून रोमवाले यांना नावापुरतं एखादं जुनं शहर देतात, कधीच वाळूत गाडलं गेलेलं. ओसाड गावची पाटीलकी म्हणतात ती हीच!

माझं लग्न ठरलं तेव्हा यांची खरी ओळख पटली. आम्ही तासगावकडचे कॅथलिक, मुलगा शेजारच्या गावचा, हिंदू, फौजेत. लग्न आमच्या चर्चमध्ये व्हावं ही आईची एकच इच्छा, आणि मुलाच्या घरच्यांनी तिला हरकत घेतली नाही. पण असं लग्न लावायला बिशपांची परवानगी लागते, आणि मुलाची रजा तर संपत आलेली. आमचे फादर म्हणाले, शहरात जाऊन मोठ्या बिशपांना भेटा. पण आमचे काका पडले रिटायर्ड फौजी.

"काय गरज न्हाई," काका म्हणाले. "पलटणीत मोठा साहेब नुसता सलाम घेतोय. काम समदं दोन नंबरचा करतोय. आन् त्यो तर रविवारी आयता आपल्या दारात येतोय."

पोरांच्या दृढीकरणाच्या, म्हणजे त्यांची श्रद्धा पक्की करायच्या विधीला सहायक बिशप येणार होते, हे खरं होतं. झालं! शहरात कुणी गेलंच नाही.

रविवारी सहायक साहेबांना हलगी वाजवत आणलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना, झाली, दृढीकरण झालं, मग आमच्याकडचा सत्कार. शाल, नारळ, बेदाण्याची पेटी. फेटा बांधायला गेले तर डोक्यावर त्यांची ती चिमुकली जांभळी टोपी. काकांनी ती बेधडक उचलून साहेबांच्याच हातात दिली आणि वर फेटा चढवला. साहेब लय खूश. फोटोसाठी मान कशी तिरकी करावी हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

जेवणं झाल्यावर आई पुढे झाली. "साहेब, तेवढी लेकीच्या लग्नाची परवानगी..."

"हा विषय मोठ्या बिशपांचा, आई. मी त्यांच्या कानावर घालतो."

"आवं, पण पोराची रजा सरतीया."

"ते परदेशात आहेत. आले की बघू."

गाडी धुरळा उडवत गेली. मग फादर खाली मान घालून म्हणाले, "अधिकार यांनाही आहे. परवानगी इथंच देता आली असती. पण मोठ्यांना न विचारता काही करायचं नाही, ही यांची रीत. उद्या स्वतःचा प्रांत मिळायचा आहे ना."

हात्तिच्या! म्हणजे आम्ही फेटा बांधला तो कुणाला? मी रडले नाही, पण त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले आणि काकांनाही सोडलं नाही.

लग्न सासरच्या अंगणात लागलं, अंतरपाट धरून. आईनं अक्षता टाकल्या आणि पदरानं डोळे पुसले. नवरा सीमेवर रुजू झाला आणि मग साहेबांचा निरोप आला, परवानगी मिळाली आहे, आता चर्चमध्ये लग्न लावून घ्या. म्हटलं, त्याच नवऱ्याशी पुन्हा बोहल्यावर चढू? चुलीत घाला ती परवानगी!

चर्चबाहेर लग्न केलं म्हणून मला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत प्रभूच्या भोजनाची म्हणून वाटतात ती भाकर, मिळत नाही. माहेरी आले की रविवारी सगळे उठून त्या प्रसादाच्या रांगेत जातात आणि मी बाकावर बसून राहते. पहिल्याच रविवारी शेजारी बघितलं तर आईही बसलेली. तिला ढोसलं, तरी हलली नाही. तेव्हापासून ती रांगेत गेलेली नाही, मी नसते तेव्हाही.

यंदा तेच साहेब पुन्हा आले. अजून सहायकच आहेत. मिस्सा झाल्यावर त्यांनी आईला गाठलं. गोड हसून म्हणाले, "आई, इतक्या भाविक तुम्ही, मग ख्रिस्तप्रसाद का घेत नाही?"

आईनं पदर खोचला. म्हणाली, "लेकीला पानावरनं उठवलं तुमी. आन् आईनं जेवायचं व्हय?"