लग्न झालेला बिशप

माझा नवरा इथे आखातात, रुसैलच्या कारखान्यात फिटर. एका दुपारी कामावरच त्याच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर म्हणाले, तासाभरात ऑपरेशन करायला हवं. पण हा बाबा हटून बसला. फादरांपुढे पापं सांगितल्याशिवाय टेबलावर चढणार नाही! वसईचा कॅथलिक, त्यातून हट्टी. आमचे फादर नेमके मिस्सेची प्रार्थना घ्यायला दूर दुक्मला गेलेले. ऑपरेशनआधी मीच याचा जीव घेते की काय, इतकी मी संतापले होते.

शहरात रुवीला एकाच आवारात सगळ्या ख्रिस्ती पंथांची प्रार्थना चालते. तिथे धावले, तर भेटले एक अँग्लिकन बिशप. इंग्लंडच्या सरदार घराण्यातले, निवृत्त, हिवाळ्यापुरते मदतीला आलेले. मी रडत काय सांगितलं कोण जाणे, ते तसेच माझ्याबरोबर हॉस्पिटलला यायला टॅक्सीत बसले. सोबत त्यांची बायकोही; त्यांच्या पंथात धर्मगुरूंना लग्न चालतं, आमच्यात नाही.

तिला बघताच नवरा मला मराठीत म्हणाला, "याला बायको आहे गं! आज मी याला सांगेन, उद्या हिला ठाऊक. खलास!"

"अरे, मरायला टेकलायस!" मी ओरडले.

काय झालं, असं बिशपनी विचारलं. लाज सोडून मी सांगून टाकलं. ते हसले नाहीत.

"मग मीच त्याला माझी पापं सांगतो," म्हणाले, आणि आम्हा दोघींना बाहेर काढून त्यांनी दार लावलं.

बाहेर मी दाराशी येरझारा घालत होते. ती बाई बोलत राहिली, बहुधा मला धीर यावा म्हणून. थोरल्या भावाला घर आणि जमीन मिळाली. धाकट्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वडिलांनी गावचं चर्च सांभाळायला दिलं, त्याला न विचारता. पुढे ओळखीपाळखीने बढत्या, बिशपपद, लॉर्डांच्या सभागृहात खुर्ची.

"त्याला हे सगळं हवं होतं का, ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली.

डॉक्टर पुन्हा येऊन घड्याळ दाखवून गेले. मी दार ठोठावणार इतक्यात ते उघडलं. बिशपचे डोळे लाल झाले होते. नवरा मात्र शांत होता.

"यल्ला," तो वॉर्डबॉयला म्हणाला, "चलो."

तो वाचला. घरी आल्यावर मी विचारलं, बिशप काय बोलले रे? त्याने विषय बदलला. मी चिडले, भांडले, अबोला धरला, पण पठ्ठ्या बधला नाही. लग्न झालेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याने ते आजवर बायकोला सांगितलेलं नाही.