अडीचकी आणि होडीची बॅटरी

रायपूरला मी टिकलो तो ब्राह्मणपाऱ्यातल्या एका काकांमुळे. ते नागपूरकडचे. रेल्वेत डब्यांच्या दिव्यापंख्यांच्या बॅटऱ्या सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर घराच्या ओसरीवर लोकांच्या बॅटऱ्या दुरुस्त करत बसायचे. बोटांवर तेजाबाचे जुने पांढरे डाग होते आणि गुडघे पार गेलेले होते.

मी कोकणपट्टीतला. शाळा सातवीत सोडली ती सोडलीच. रायपूरजवळ अभनपूरच्या पुढे एका तलावाचा मासेमारीचा ठेका शहरातल्या समता कॉलनीतल्या एका सेठजींकडे होता. समुद्रावरचा माणूस म्हणून त्यांनी मला होडीवर ठेवलं. राज्य नवं झालं होतं, राजधानी झालेल्या रायपुरात जो तो काहीतरी नवं आणत होता. सेठजींनी पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र आणलं. छोटा पडदा, त्यावर ठिपके. मला म्हणाले, बॅटरी तू बघ, होडीतलं तुला कळतं.

मला कळत नव्हतं. पण ते सांगायची हिंमत झाली नाही. आमच्या गावी होडीत जशी बॅटरी असायची तशी, जड आणि मोठी, निवडून आणली. आठ दिवसांत पडदा मिटला. त्यातच ती एकदा कलंडली, तेजाब नायलॉनच्या जाळ्यावर सांडलं आणि जाळं हाताला लागताच तुटायला लागलं.

सेठजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "समुंदरवाले, दूसरी भी बैठ गई तो तू भी बस में बैठ जाना. सीधे घर."

घरी परत जाऊन काय करणार होतो? होतं ते विकून आईने मला इकडे पाठवलं होतं.

बॅटरी घेऊन बसने रायपूरला आलो. जिथून घेतली त्या दुकानदाराने तपासली आणि म्हणाला, माल ठीक है, ब्राह्मणपारा जाओ, वहाँ एक बुजुर्ग हैं. रस्ते सगळे खोदलेले, रिक्षा लांबच थांबली. बॅटरी खांद्यावर घेऊन चालताना मला वाटत होतं, हिलाच इथे ठेवून निघून जावं. जेवलोही नव्हतो.

ओसरीवर मोडक्या हिंदीत सुरुवात केली. काकांनी ऐकून घेतलं.

"मराठीत बोल ना बापा. काहून त्या हिंदीचे हाल करून राहिला?"

मग बॅटरीकडे बघून म्हणाले, "ही इंजिन सुरू करायची हाय. एक धक्का देते अन् बसते. मंग इंजिनच तिले भरते. तुह्या होडीले इंजिन हाय?"

"नाही काका. वल्ही आहेत."

"मंग वल्ही मारून भरून राहिला होता का तिले?"

मला हसू आलं नाही. मी सगळंच सांगून टाकलं, सातवीपासून बसपर्यंत. काकांनी आतून पोहे मागवले. खाऊन झाल्यावर पाटी पुढे सरकवली.

"होडीत काय काय चालते, सांग."

पडद्याला अर्धा अँपिअर, दिव्याला एक, मोबाईल भरायला एक, असं त्यांनी मांडलं. "रोज किती तास?"

"सहा. पहाटे चार ते दहा."

"आता कर गुणाकार."

पाटीवर दोन, मग टिंब, मग पाच. त्या टिंबापाशीच माझी शाळा सुटली होती. माझा खडू तिथेच अडला. ते बघून काका म्हणाले, "टिंब सोड. अडीच म्हण."

अडीच म्हटल्यावर वाट सापडली. माझी आई मासळी विकायची, पाढे, अगदी अडीचचासुद्धा, तिने टोपलीपाशी बसवून घोकून घेतले होते. मी म्हटलं, "सहा अडीच पंधरा."

"अडीचकी येते तुले? अन् म्हणते शाळा नाही शिकलो," काका म्हणाले. "पंधरा लागते म्हणून पंधराचीच घेशील तं ही पण मारशील. अर्धं वापराचं, अर्धं ठेवाचं. मंग किती?"

"तीस."

"अन् म्हातारी झाली की कमी देते, माह्यासारखी. म्हणून बेचाळीसची घे. बंद डब्याची, कलंडली तरी सांडत नाही. रोज घरी आणून भराची. जाड दिसली म्हणून उचलू नको."

मी सेठजींना बेचाळीसचा हिशोब सांगितला, तर दुसऱ्या दिवशी ते स्वतःच काकांच्या ओसरीवर आले. त्यांचा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. त्यांनी विचारलं, हिसाब किसने किया?

काका म्हणाले, "इसी ने किया. मैंने तो पूछा भर."

तसं पाहिलं तर खरंच होतं. पण ते दुसरं काहीही म्हणू शकले असते.

सेठजींनी बेचाळीसची घेतली. ती अडीच वर्षं चालली आणि मीही त्या तलावावर राहिलो. एकदा काकांसाठी रोहू घेऊन गेलो तर कळलं, त्यांच्या घरात मासळी शिजत नाही. ते म्हणाले, "मले मासा नको. तो पडदा पाहाचा हाय, पाण्यावर बसून."

त्यानंतर त्यांचे गुडघे आणखी बिघडले, मला रजा मिळेना, आणि त्यांना पडदा दाखवायचं राहूनच गेलं. आता त्यांच्याकडे जाईन तेव्हा चार माणसं घेऊन जाईन. काकांना खुर्चीसकट उचलून होडीत बसवीन आणि पडदा त्यांच्याच हाताने चालू करायला लावीन. एवढं मला करायचंच आहे.